अर्ज हीच प्रश्नपत्रिका

हिवाळ्यात बेळगाव परिसरात साहित्य संमेलनांचा हंगाम असतो. उचगाव, कडोली, येळ्ळूर, तिकडे निपाणी भागात कारदगा. गावोगावी मंडप उभा राहतो, ग्रंथदिंडी निघते, पाहुण्यांच्या पंगती उठतात, आणि हे सगळं गाव आपल्या वर्गणीवर आणि राबणाऱ्या हातांवर पार पाडतं. नेमक्या याच दिवसांत सीमाभागातल्या मोजक्या मुलामुलींना मुलाखतीची बोलावणी येतात. नोव्हेंबरअखेर व्यवस्थापन प्रवेशाची कॅट परीक्षा झालेली असते आणि फेब्रुवारी ते एप्रिल आयआयएमच्या मुलाखती चालतात. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पार केलेल्यांना एसएसबी या सैन्याच्या निवड मंडळाची तारीख मिळते. उन्हाळ्यानंतर नीटच्या गुणांवर पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या यादीत आलेल्यांची पाळी येते. बोलावणं आलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: इंग्रजीचा क्लास कुठला लावायचा? टिळकवाडीत नाहीतर कॉलेज रोडला महिन्याभराचं स्पोकन इंग्लिश होतं, नवा शर्ट शिवला जातो आणि पोरगा गाडीत बसतो.

आमचं म्हणणं असं की ही तयारी चुकीच्या ठिकाणी होते. मुलाखतीत मूल अडखळतं ते बहुतेक वेळा स्वतःच्याच अर्जात लिहिलेल्या गोष्टींवर, आणि व्याकरणाचा त्यात वाटा थोडा असतो. अर्जावर उलटसुलट प्रश्न विचारणारी माणसं गावातच असतात. त्यांना एका खोलीत बसवण्याचं काम कुणी अंगावर घेतलेलं नाही एवढंच. हे काम सार्वजनिक आहे. पालकांच्या खिशावर आणि क्लासवाल्यांच्या जाहिरातीवर ते सोडून देणं आता थांबलं पाहिजे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. व्यावसायिक शिक्षणाच्या बहुतेक दारांवर आज मुलाखत नाही. एमबीबीएस नीटवर, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटवर, अभियांत्रिकी सीईटी आणि जेईईवर. दोन्ही राज्यांतल्या केंद्रीय फेरीतल्या एमबीएच्या जागाही परीक्षेच्या गुणांवरच भरतात. त्यामुळे प्रत्येक बारावीवाल्याला मुलाखतीची भीती घालणारी जाहिरात दिसली तर पुढचं पान उलटावं. पण जिथे मुलाखत आहे तिथे तिचं वजन भलतंच मोठं आहे. एनडीएत लेखी परीक्षा ९०० गुणांची (गणित ३००, सामान्य क्षमता ६००) आणि एसएसबीसुद्धा ९०० गुणांची. म्हणजे दोन वर्षं रात्रीचा दिवस करून मिळवलेले गुण आणि पाच दिवसांत मिळणारे गुण एकाच तराजूत. आयआयएम अहमदाबादच्या अलीकडच्या धोरणात अंतिम गुणांकनात मुलाखतीला ५० टक्के, लेखी विश्लेषणाला १० टक्के आणि खुद्द कॅटला फक्त २५ टक्के वजन होतं. उरलेले १५ टक्के अर्जातल्या शैक्षणिक नोंदींचे.

हे न्याय्य आहे का? प्रश्न जुना आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षा १०० गुणांची आणि तोंडी ५० गुणांची होती. उमेदवारांचं म्हणणं होतं की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि तिच्यात आईवडील कोण, राहता कुठे, एवढंच विचारलं. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९८० साली तोंडीला एकतृतीयांश गुण देणं मनमानी ठरवलं, १५ टक्क्यांहून जास्त वाटा नको असं सांगितलं, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित केलेल्या बऱ्या असंही सुचवलं. प्रौढ उमेदवारांच्या नोकरभरतीत जास्त वाटा चालू शकतो हे न्यायालयानं पुढे मान्य केलं. आजच्या व्यवस्थापन संस्थांना ती १५ टक्क्यांची रेघ कितपत लागते, हा वाद वकिलांनी घालावा. आमच्या दृष्टीनं त्या निकालातली खरी मोलाची सूचना ध्वनिमुद्रणाची होती. ४५ वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डर लागला असता, आता पॅनलमधल्या प्रत्येकाच्या खिशात ती सोय आहे. तरीही मुलाला आपण कुठे गुण गमावले हे कळत नाही.

म्हणून मुलाखतीच बंद करा, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्याला गणिताच्या गुणांवर निवडणं धोक्याचं आहे. माणसं सांभाळायला जाणाऱ्याला दोन प्रश्न समोर बसवून विचारले तर बिघडत नाही. मुलाखत राहावी, तिची नोंद राहावी, आणि नापास झालेल्याला निदान विभागवार गुण मिळावेत. ही मागणी आपल्या खासदार-आमदारांनी कधी केल्याचं ऐकिवात नाही. सीमाप्रश्नावर बोलायला मात्र सगळ्यांकडे वेळ असतो.

आता तयारीकडे. पॅनलसमोर कागद असतो तो तुमचा अर्ज. एसएसबीत सुरुवातीलाच पीआयक्यू नावाचा माहितीचा फॉर्म भरून घेतात. त्यात आईवडिलांचं शिक्षण, धंदा, उत्पन्न, खेळ, छंद असतात, आणि तुम्ही राहता त्या गावाची लोकसंख्या किती, ते जिल्ह्याचं ठिकाण आहे का, हेही असतं. मुलाखत घेणारा अधिकारी हाच फॉर्म पुढ्यात ठेवून बोलतो. मुलं तिथे लोकसंख्येच्या रकान्यात अंदाजे आकडा ठोकतात आणि पाच मिनिटांनी त्याच आकड्यावर अडकतात. बेळगाव शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ४ लाख ८८ हजार आहे आणि जिल्ह्याची सुमारे ४७ लाख ८० हजार. आपल्या गावाचा आकडा जनगणनेच्या यादीत किंवा ग्रामपंचायतीत मिळतो. ही दहा मिनिटांची कामं आहेत, पण ती कुणी सांगत नाही.

करायचं ते असं. भरलेल्या अर्जाच्या तीन प्रती काढायच्या. पहिलीवर प्रत्येक नाम अधोरेखित करायचं: गाव, शाळा, विषय, वडिलांचा धंदा, प्रकल्पाचं नाव, छंद, ट्रॉफी. साधारण चाळीस निघतात. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहायचे: काय, का, किती. झाले एकशेवीस प्रश्न. दुसऱ्या प्रतीवर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चार-पाच शब्दांच्या टिपणात. पूर्ण वाक्यात लिहायचं नाही, कारण वाक्य लिहिलं की ते पाठ होतं, आणि पाठ केलेलं उत्तर उपप्रश्न आला की मध्येच तुटतं. तिसरी प्रत दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायची. आपल्याला न सुचलेले प्रश्न तोच काढतो.

'किती' हा प्रश्न सगळ्यांत जास्त बळी घेतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा अर्जात 'वडील: खासगी नोकरी' एवढंच लिहितो. लाजेनं लिहितो की सवयीनं, कोण जाणे. पण 'फाउंड्रीत मोल्डिंग सुपरवायझर' असं लिहिलं तर त्याच्याकडे दहा मिनिटांचा ऐवज आहे. साचा कशाचा बनतो? सिलिका वाळू, बेंटोनाइट आणि पाणी. पाणी अवघं दोन-चार टक्के, पण सगळा खेळ त्याच्यावर. जास्त झालं तर वितळलेलं लोखंड ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. कमी झालं तर साचा भुसभुशीत होऊन वाळू धातूत मिसळते. शंभरात रिजेक्शन किती येतं, ते कुणाच्या खात्यावर पडतं, मागणी कमी झाली की आधी कुठली शिफ्ट बंद होते? हे एका संध्याकाळी बापाला विचारून घ्यायचं. ऑपरेशन्स शिकवणाऱ्या प्राध्यापकासमोर 'माझा छंद वाचन' म्हणण्यापेक्षा हे बोलणं कितीतरी बरं, आणि याचं उत्तर क्लासमधल्या पुस्तकात असूच शकत नाही.

चिकोडी, अथणी, रायबागकडच्या मुलांचं तेच उसाच्या बाबतीत. 'वडील शेतकरी' लिहिलं की प्रश्न येणारच. २०२५-२६च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरला, म्हणजे टनाला ३,५५०, पण तो १०.२५ टक्के मूळ साखर उताऱ्यावर. उतारा वाढला तर दर वाढतो. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात किती येतात आणि किती दिवसांनी येतात? सीमेपलीकडच्या कोल्हापूरच्या कारखान्याला ऊस घालायचा की इकडच्या, हे घरात कशावरून ठरतं? घरात रोज चाललेली ही चर्चा मुलगा पॅनलसमोर विसरतो आणि 'भारतीय शेतीपुढील आव्हाने' या विषयावर निबंध म्हणू लागतो. खानापूरच्या मुलीनं मलप्रभेचा उगम कणकुंबीचा आहे आणि महादयी लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, एवढं तरी सांगता यायला हवं. हे पाणी वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प तिच्याच तालुक्यातला आहे. मुंबईच्या उमेदवाराला हे माहीत नसलं तर चालेल, तिला नसलं तर पॅनल भुवई उंचावणार.

छंदांबद्दल एवढंच: गेल्या सहा महिन्यांत जे केलं नाही ते लिहू नये. ट्रेकिंग लिहिणाऱ्याला शेवटचा गड कुठला, वाट कुठून, पाणी कुठे मिळालं, हे विचारतात.

आणि मग तो प्रश्न. अर्जावर पत्ता बेळगावचा, मातृभाषा मराठी, राज्य कर्नाटक. पॅनलमधल्या कुणाची तरी नजर तिथे थांबतेच. 'तुम्ही मराठी असून कर्नाटकात कसे?' 'बेळगाव कुणाचं?' कधी हे निव्वळ कुतूहल असतं, कधी मुलगा तापतो का ते पाहायचं असतं. आपल्याकडची मुलं इथे दोन टोकांना जातात. काही जण घरी ऐकलेलं भाषण म्हणतात. काही जण 'सर, मला राजकारणात रस नाही' म्हणून मोकळे होतात. दुसरं उत्तर जास्त वाईट. ज्या प्रश्नावर आपल्या गावात दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला जातो त्याबद्दल अधिकारी किंवा व्यवस्थापक होऊ पाहणारा तरुण उदासीन असेल, तर तो आणखी कशाकशाबद्दल उदासीन असेल?

या उत्तराला आधी तारखांचं हाड लागतं. राज्य पुनर्रचना कायदा १९५६चा, अंमल १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत ही त्याची शिफारस, आणि महाराष्ट्रानं ती नाकारली. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं. २००४ मध्ये महाराष्ट्रानं राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१२ मध्ये बेळगावात कर्नाटक विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध, उभी राहिली आणि १ नोव्हेंबर २०१४ला शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या तत्त्वांवर महाराष्ट्राची मागणी उभी आहे. आयोगाचा अहवाल अंतिम माना, ही कर्नाटकाची भूमिका. या दोन्ही बाजू एकेका वाक्यात, दुसऱ्या बाजूच्या माणसालाही 'हो, आमचं म्हणणं हेच' वाटेल अशा सांगता आल्या पाहिजेत. त्यानंतर स्वतःचं मत, कारणासकट. मत कुठलंही असो. पॅनल बेळगावचा निकाल लावायला बसलेलं नाही. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबद्दल तुम्ही कसे बोलता, एवढंच त्याला पाहायचं असतं. 'मराठी असून कर्नाटकात कसे' याला तर एक वाक्य पुरतं: घर तिथेच आहे, राज्याचं नाव दोनदा बदललं, १९५६ आणि १९७३ मध्ये.

हे उत्तर नव्वद सेकंदांत बसवायचं. त्याहून लांबलं की आवाज चढतो. 'बेळगाव' म्हणावं की 'बेळगावी', यावर घाम गाळू नये. कागदावर जे अधिकृत आहे ते लिहावं, तोंडात जे येतं ते बोलावं, आणि पॅनलनं दुसरं नाव घेतलं तर त्यांना दुरुस्त करत बसू नये.

भाषेकडे आता येऊ, कारण ती अडचण खोटी नाही. फक्त तिचं निदान चुकतं. घरी मराठी, गल्लीत आणि कचेरीत कन्नड, कॅम्पात हिंदी, वर्गात इंग्रजी. इथल्या मुलाच्या तोंडात चार भाषा आहेत. तरी त्याचं उत्तर लांबतं, आणि त्याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. आपण आधी पार्श्वभूमी सांगतो, मग कारण, आणि शेवटी 'म्हणून' लावून निष्कर्ष. क्रियापदही शेवटी. घरच्या गप्पांत हे गोड लागतं. पॅनलचा धीर वीस सेकंदांत संपतो आणि 'म्हणून' यायच्या आत पुढचा प्रश्न येऊन आदळतो. मुलाला वाटतं इंग्रजी कमी पडलं. उपाय सोपा आहे, करायला कंटाळवाणा आहे. रोज दहा प्रश्न घ्यायचे आणि 'म्हणून'च्या पुढचं वाक्य उचलून पहिलं ठेवायचं. आधी मराठीत. मराठीत जमलं की इंग्रजीत दोन दिवसांत जमतं. मराठीतच जमत नसेल तर स्पोकन इंग्लिशचे तीन महिने पाण्यात.

बोलण्याचा वेग मिनिटाला १२० ते १४० इंग्रजी शब्द एवढा असावा. 'स्वतःबद्दल सांगा' याला साठ ते नव्वद सेकंद, म्हणजे दोनशे शब्दांच्या आत. त्यात जन्मगाव, शाळा, शेकडा गुण यांची यादी नको, ती त्यांच्यासमोर छापील आहे. अर्जातल्या ज्या तीन गोष्टींवर तुम्हाला प्रश्न हवेत त्या तीन. फोनवर रेकॉर्ड करायचं, दुसऱ्या दिवशी ऐकायचं, कारण त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत. 'ॲक्च्युअली', 'बेसिकली' आणि दर वाक्यामागचं 'सर' मोजायचं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटांत पंधरा-वीस निघाले तर घाबरू नये. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' छापाची मराठी वळणाची इंग्रजी पॅनलच्या कानांना नवी नाही, तेवढ्यावर कुणी नापास करत नाही. अर्थ बदलतो तेवढी चूक दुरुस्त करा: काळ चुकला आणि 'करतो आहे'चं 'केलं' झालं, तर प्रकल्प पुरा झाला की अर्धवट आहे, हेच कळत नाही. एखाद्या ठिकाणी शब्द अडलाच तर परवानगी मागून ते वाक्य हिंदीत पुरं करण्यात कमीपणा नाही.

'माहीत नाही' हे दोन शब्दांचं उत्तर शिकवणारा क्लास दुर्मिळ. उत्तर येत नसेल तर एका वाक्यात तसं सांगायचं, त्याला लागून जे खात्रीनं माहीत आहे ते एक वाक्य जोडायचं, आणि थांबायचं. अंदाजानं आकडा ठोकला की पुढचे तीन प्रश्न त्या आकड्यावर येतात आणि मग आधीची खरी उत्तरंही संशयाच्या घेऱ्यात जातात. एसएसबीत तर एकच गोष्ट तीन ठिकाणी तपासतात: मानसशास्त्रीय चाचण्यांत, मैदानावरच्या गटकामात आणि मुलाखतीत. शब्दचाचणीत साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. प्रसंगचाचणीत साठ प्रसंग, तीस मिनिटं. एवढ्या वेगात पाठ केलेला सद्गुणी माणूस टिकत नाही. गावातल्या निवृत्त सुभेदारांना विचारलं तर ते हेच सांगतील. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आणि राष्ट्रीय मिलिटरी स्कूल ज्या शहरात आहे तिथे अशा माणसांची वाण नाही.

कागदांबद्दल थोडक्यात, पण काटेकोर. एसएसएलसी (दहावी), पीयूसी (बारावी), पदवी, आधार या सगळ्यांवर नावाचा क्रम आणि स्पेलिंग एकच आहे का, हे बोलावणं यायच्या आधी पाहावं. कर्नाटकात आद्याक्षरांची पद्धत, महाराष्ट्रात नाव-वडिलांचं नाव-आडनाव, त्यामुळे सीमाभागातल्या मुलाची दोन नावं तयार होतात आणि पडताळणीच्या टेबलावर तासभर जातो. तफावत असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसुली कचेरीतून, मिळणारे दाखले इंग्रजीत मागून घ्यावेत, कन्नड दाखला अहमदाबादेत कोण वाचणार? नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले चालू आर्थिक वर्षाचे, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेले लागतात. मुलाखतीचा हंगाम नेमका वर्ष पालटताना असतो, तेव्हा कुठल्या वर्षाचा दाखला मागितला आहे ते सूचनेत दोनदा वाचावं. कर्नाटकात मराठा समाज ३ब प्रवर्गात आहे. तो राज्याचा प्रवर्ग. केंद्राची ओबीसी यादी वेगळी असते, तिथे नाव असल्याशिवाय अर्जात ओबीसीवर खूण करू नये. चुकीची खूण केलेला अर्ज मुलाखतीनंतरही बाद होऊ शकतो. जाता जाता, महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ई प्रकार आहे आणि त्याला जी-१, जी-२ ही प्रमाणपत्रं लागतात. तिथे मुलाखत नाही, त्यामुळे हे दार उघडं ठेवून मग बाकीच्या दारांवर धडका द्याव्यात.

राहिली सार्वजनिक बाजू. सराव मुलाखत आरशासमोर होत नाही, आणि ओळखीच्या सरांसमोरही नीट होत नाही, कारण ते उत्तर अर्धं ऐकूनच मान डोलावतात. तीन माणसं लागतात. एक विषयातला: अभियांत्रिकीचा, फार्मसीचा, वाणिज्याचा प्राध्यापक. एक बाहेरचा: बँकेतला अधिकारी, फाउंड्रीचा मालक, निवृत्त फौजी. तिसरा असा की ज्यानं फक्त अर्ज वाचला आहे आणि ज्याला विषयातलं काही कळत नाही. सर्वांत अवघड प्रश्न याच्याकडून येतात. वीस मिनिटं मुलाखत, पंधरा मिनिटं त्यावर बोलणं. एका संध्याकाळी चार मुलं, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या हव्यात आणि दोन फेऱ्यांत निदान आठवड्याचं अंतर हवं, नाहीतर सांगितलेली दुरुस्ती अंगात मुरत नाही. बारा मुलं धरली तर छत्तीस बैठका, नऊ संध्याकाळी. खर्च म्हणाल तर चहा आणि फोन उभा करायचा एक स्टँड.

नऊ संध्याकाळी! एका संमेलनाच्या तयारीच्या बैठका याहून जास्त होतात. संमेलनं बंद करा असं कुणी वाचू नये, ती हवीतच. पण मराठीसाठी मंडप घालणाऱ्या गावानं मराठी मुलासाठी एक खोली उघडली तर वर्गणीदार नाराज होणार नाहीत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय शतकाहून जुनं आहे, गावोगावी वाचनालयं आहेत, महाविद्यालयांचे सेमिनार हॉल संध्याकाळी कुलपात असतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, इतक्या थोड्या मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? थोडी आहेत म्हणूनच नऊ संध्याकाळींत भागतं. शिवाय जो मुलगा एकदा अशा पॅनलसमोर बसला तो पुढे कॅम्पस मुलाखतीत, बँकेच्या कर्जाच्या टेबलावर, ग्रामसभेतही नीट बोलतो. दुसरा आक्षेप कुजबुजीत येतो: मराठी संस्थांनी खोली उघडली तर कन्नड घरातली मुलंही येतील. येऊ देत की. गोकाकच्या कन्नड माध्यमाच्या मुलीची अडचण हुबेहूब हीच आहे, तिच्या भाषेतही क्रियापद शेवटीच येतं. पॅनलमध्ये एक कन्नड प्राध्यापक बसले तर आपल्या मुलाला सीमाप्रश्नाचं उत्तर दुसऱ्या बाजूच्या माणसासमोर देऊन पाहता येईल. हा सराव मराठी माणसांच्या खोलीत होऊच शकत नाही.

पॅनलवाल्यांनाही शिस्त लागते. जात विचारायची नाही. उत्तर मध्येच तोडून आपलं व्याख्यान सुरू करायचं नाही, आणि आपल्याकडच्या निवृत्त मंडळींना हा मोह आवरत नाही. शेवटी 'छान' म्हणायचं नाही. तीनच गोष्टी कागदावर लिहून द्यायच्या: कुठल्या प्रश्नाला उत्तर दिलंच नाही, कुठला आकडा खोटा वाटला, आणि कुठलं वाक्य ऐकून आणखी विचारावंसं वाटलं. तिसरी गोष्ट सगळ्यांत कामाची, तीच पुढच्या फेरीत उत्तराच्या सुरुवातीला आणायची. पहिली फेरी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बसली तर जानेवारीत तिसरी होते आणि फेब्रुवारीच्या बोलावण्याला मूल तयार असतं. बोलावणं आल्यावर सुरू केलं तर एकच फेरी हाती लागते.

ती खोली पुढेही उपयोगी पडते. काही संस्था अजून ऑनलाइन मुलाखती घेतात, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या गावात पावसाशिवायही नेटवर्क जातं. वाचनालयाच्या खोलीत तारेचं ब्रॉडबँड, इन्व्हर्टर, मागे कोरी भिंत आणि दाराला आतून कडी असली की खानापूरच्या मुलीला मुलाखतीसाठी शहरातल्या नातेवाइकांचा हॉल मागावा लागत नाही, आणि मध्येच कुकरची शिट्टी वाजत नाही.